एकदांडीस अनावृत पत्र

समा, बडोदे

प्रिय एकदांडी,



समा-सावली रस्त्याच्या कडेला, तलावाच्या बाजूला, सोसायट्यांच्या कुंपणाखाली तू जवळजवळ बाराही महिने फुललेली असतेस. उंच दांड्यावर एकच पिवळा गेंद, भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. शेजारचे गुजराती तुला परदेशी भांगरो म्हणतात आणि ते खरंच आहे. तुझं मूळ घर मध्य अमेरिकेकडचं. तरी खरचटलं की तुझा पाला चुरडून लावणारी माणसं इथे अजून आहेत.

पत्राचं कारण वेगळं आहे. तुझं उदाहरण देऊन ऑस्ट्रेलियातल्या कोआलाला नावं ठेवलेली मला सोसवत नाहीत. तू पडेल तिथे रुजतेस म्हणून टिकलीस, तो एका जातीच्या झाडांना चिकटून बसला म्हणून संपत चालला, असं सांगतात. तुझं कौतुक मला मान्य आहे. तुझं बी केसांच्या झुपक्यावर वाऱ्याबरोबर जातं, जमिनीला टेकलेल्या पेरांनाही मुळं फुटतात. अमेरिकेने तर तुला उपद्रवी तणांच्या यादीत घातलं आहे.

पण कोआलाही दुबळा नाही. नीलगिरीचा पाला चिवट, विषारी आणि निकस. फार थोडे प्राणी त्याला तोंड लावतात. कोआलाने तोच पचवून दाखवला. त्यासाठी त्याच्या पोटात सुमारे दोन मीटर लांबीचं अंधांत्र आहे. अठरा-वीस तासांची झोप हा आळस नव्हे, अशा अन्नावर जगायचं तर शक्ती राखावीच लागते. मादीला वर्षाला फार तर एक पिल्लू होतं. पस्तीस दिवसांत जन्मलेलं ते घेवड्याच्या दाण्याएवढं पिल्लू पुढचे सहा महिने आईच्या पोटपिशवीत वाढतं. जंगल उभं होतं तोवर हा संसार लाखो वर्षं नीट चालला. नीलगिरी माणसाने गुजरातच्या बांधांपर्यंत आणून लावली. तिच्या मूळ रानात मात्र कोआलाच्या डोक्यावरचीच झाडं पाडली.

१९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड सरकारने कातड्यासाठी शिकार खुली केली. त्या एका महिन्यात सहा लाखांच्या आसपास कोआला मारले गेले. पुढे कुरणांसाठी आणि घरांसाठी जंगलं साफ झाली. रस्ते, कुत्रे आणि क्लॅमिडियाचा रोग यांनी आणखी बळी घेतले. २०१९-२० चे वणवे त्यावर आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात तो संकटग्रस्त जाहीर झाला. यातलं काय त्याच्या खाण्याच्या आवडीमुळे घडलं?

तुझ्यावरही बंदुका आणि बुलडोझर असेच चालून आले असते, तर तुझ्या चिवटपणाचे गोडवे कुणी गायले नसते.

हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. जो जुळवून घेतो तो जगतो, हे मुलांना एकदांडी दाखवून जरूर सांगा. पण त्याच बैठकीत १९२७ चा ऑगस्टही सांगा.

तुझा,
समातला एक रहिवासी