दोन अक्षरांचा पाठभेद

एका अक्षराने ओवीचा अर्थ पालटतो, असे पाठचिकित्सा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. मुले मान डोलावतात आणि वहीत काही लिहीत नाहीत. यापुढे त्यांना 'अपोई'चे उदाहरण द्यावे म्हणतो.

अपोलिपोप्रोटीन ई हे त्याचे पूर्ण नाव. रक्तात आणि मेंदूत कोलेस्टेरॉलसारख्या स्निग्ध द्रव्यांची ने-आण करणारे हे प्रथिन. चरबी पाण्यात विरघळत नाही, तिला हमाल लागतो. २९९ अमिनो आम्लांची ही संहिता. माणसांत तिचे मुख्य पाठ तीन, आणि फरक केवळ ११२ व १५८ या स्थानी. ई२ मध्ये दोन्ही जागी सिस्टीन, ई४ मध्ये दोन्ही जागी आर्जिनिन. सर्वाधिक आढळणाऱ्या ई३ मध्ये आधी सिस्टीन, मग आर्जिनिन. ई४ असलेल्यांना अल्झायमरचा धोका अधिक, हे १९९३ मध्ये उजेडात आले. धोका अधिक, एवढेच. ई४ असूनही स्मृती शाबूत राहिलेले पुष्कळ, नसूनही ती गमावलेले पुष्कळ.

हे प्रथिन हुडकायला प्रयोगशाळेत अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, वापरतात. ती सबंध संहिता वाचत नाही. तिच्या ओळखीची असतात मोजकी अक्षरे, किंवा घडी पडलेल्या प्रथिनाचा एखादा कोपरा. तेवढ्यावरून 'हाच तो ग्रंथ' असा निर्वाळा ती देते. (असे समीक्षक आपल्याकडेही आहेत. असो.) 'वेस्टर्न ब्लॉट' या चाचणीत प्रथिनाची घडी आधीच मोडलेली असते, तिथे घडीवरून ओळखणारी अँटिबॉडी मुकी राहते. शिवाय तिचे चिकटणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उंदरापासून मिळवलेल्या पहिल्या अँटिबॉडीला ओळखणारी दुसरी, बहुधा शेळीत तयार झालेली, वर सोडतात आणि तिला जोडलेल्या विकरामुळे पट्टा उजळतो. भाष्यावरील टीकेशिवाय मूळ ग्रंथ दिसू नये, ही व्यवस्था आम्हांला फार ओळखीची वाटली.

हे सारे आम्हांला शिकवले ते भाचीने. तिचे आठ महिने एका कुपीपायी गेले. पट्टा ३४ किलोडाल्टनच्या आसपास, अगदी अपेक्षित जागी उमटत होता. शेवटी, ज्यांतून अपोईचे जनुकच काढून टाकले आहे अशा पेशींचा अर्क तिने तपासला. पट्टा तसाच! कोऱ्या पानावर ग्रंथ वाचणारा वाचक. विकणाऱ्या कंपनीने कुपीचे पैसे परत केले.

हे दुखणे तिच्या एकटीचे नव्हे. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मागणी केली, की संशोधनातली प्रत्येक अँटिबॉडी तिच्या स्वतःच्या अनुक्रमाने ओळखली जावी. आमच्या भाषेत सांगायचे तर, पोथी कोणत्या प्रतीवरून उतरवली ते आधी सांगा.

भाचीने हाच विषय का निवडला, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. तिची आजी, म्हणजे आमची आई, गेली चार वर्षे आमच्याकडे पाहून 'आपण कोणाकडचे?' असे मोठ्या अदबीने विचारते. आईच्या रक्तात कोणता पाठ आहे ते डॉक्टरांनी पाहिले नाही, आणि पाहून उपचारांत आता काही फरकही पडणार नाही. भाचीचे तसे नाही. तिचे वय एकोणतीस. कोणते पाठ वाट्याला आले ते तिला एका साध्या जनुक-चाचणीत कळेल. नवी कुपी मागवून तिने काम पुन्हा सुरू केले आहे. स्वतःचा नमुना तिने अजून दिलेला नाही, आणि आम्ही तो विषय काढलेला नाही.