चमच्यावरची वाफ

सदाशिव पेठ, पुणे

चि. मुग्धास,


रविवारी धायरीला आले तेव्हा तुझ्या सासूबाईंसमोर बोलले नाही, म्हणून हे पत्र. आंघोळीच्या बाईंनी बाळाला पायांवर घेतलं आणि करंगळीवरून दोन्ही नाकपुड्यांत तेल सोडलं. ते शिंकलं. "बघा, नाक मोकळं झालं," म्हणत सगळे हसले. हे आधी बंद कर. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. थोरल्याच्या वेळी मीही सगळं रीतसर करून घेतलं होतं, आणि डॉक्टरांची बोलणीही खाल्ली होती. टाळूवर हवं तेवढं जिरवा. शेगडीवरची ओवा-वावडिंगाची धुरीही नको. त्या एवढ्याशा नाकाला धुराने सूज यायला कितीसा वेळ?

तू म्हणालीस, "आत्या, हा तोंड उघडं टाकून झोपतो." तोंड उघडं असलं म्हणजे श्वास तोंडानेच चाललाय असं नाही. पहिले तीन-चार महिने मुलं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. त्यांचं स्वरयंत्र आपल्यापेक्षा बरंच वर, जवळजवळ पडजिभेपाशी असतं. म्हणून तर अंगावर पिताना ती श्वासासाठी फारशी अडत नाहीत. नाक चोंदलं की पहिली पंचाईत पिण्याचीच. दोन घोट घेतो, सोडतो, चिडतो.

स्टीलचा गार, कोरडा चमचा एकेका नाकपुडीखाली धर. वाफ धरली की वाट मोकळी. नसेल तर डॉक्टरांना विचारून पाजण्याआधी सलाईनचे थेंब घाल, दुकानातले. घरी मीठ कालवत बसू नकोस, आणि मोठ्यांचे सर्दीचे ड्रॉप्स तर नकोच.

क्वचित, पाच ते आठ हजारांत एखाद्या बाळाचं नाक मागच्या बाजूने जन्मतःच बंद असतं. दोन्हीकडून असेल तर ते शांत असताना निळसर पडतं आणि रडलं की गुलाबी होतं, आपल्या समजुतीच्या अगदी उलट. एकाच बाजूचं असेल तर कित्येक दिवस कळतही नाही.

झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबल्यासारखा वाटला तर घाबरू नकोस, या वयात तसं होतं. पण शांत असताना मिनिटाला साठाच्या वर श्वास, बरगड्यांखाली खळगा, ओठ निळे किंवा पिणंच सोडलं, तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता १०८ ला फोन.

बारशाला येतेच आहे. त्याआधी चमच्यावर दोन्हीकडे वाफ दिसली का, ते आज संध्याकाळी कळव.

तुझी,
आत्या