उजेड आणि नजर

बी.एड.च्या वर्षातली गोष्ट आहे. सूक्ष्म अध्यापनाचा तास होता. समोर माझेच सहअध्यायी विद्यार्थी बनून बसले होते आणि शेवटच्या बाकावर निरीक्षक. पाठाचा विषय प्रकाशाचं परावर्तन. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात टॉर्च. पहिली चार वाक्यं नीट गेली. पाचव्या वाक्याला तोंडून निघून गेलं, 'नूर का इनइकास'. सगळा वर्ग हसला. निरीक्षकांनी वहीत शेरा लिहिला, 'विषयज्ञान कच्चे.'

विषयज्ञान कच्चं नव्हतं. दहावीपर्यंतचं सगळं विज्ञान मी उर्दूतून शिकले होते. परावर्तन म्हणजे इनइकास, अपवर्तन म्हणजे इनइताफ़, अंतर्वक्र आरसा म्हणजे मुक़अर आईना. हे शब्द मला अलिफ-बे इतके पाठ होते. कच्चं होतं ते वेगळंच. माझ्याकडे शब्द होते, वस्तू नव्हत्या. मुक़अर आईना मी दहावीत वाचला, परीक्षेत त्याची आकृती काढली, पैकीच्या पैकी गुण घेतले. पण तो हातात धरून कधी पाहिला नव्हता.

एकदा पाहायची संधी आली होती. २००१ साली मी पाचवीत असताना शाळेची सहल वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात निघाली. मी नाव दिलं. अब्बांनी नाही म्हटलं. ते रागीट नव्हते, शिक्षणाच्या विरोधातही नव्हते. फक्त म्हणाले, "मुलीची जात, वसईहून इतक्या लांब... पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष आलं ते चोवीस वर्षांनी. तेव्हा मी स्वतः शिक्षिका होते, आणि सहलीची यादी माझ्याच हातात होती.

गेल्या हिवाळ्यात शाळेत मी विज्ञान केंद्राच्या सहलीचा विषय काढला. पाचवी ते सातवीची चाळीस नावं आली. सहावीतल्या एका मुलीचं नाव आलं नाही. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी तीच. तिचे वडील पाचूबंदरात बोटीवर खलाशी आहेत. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतात. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा पुढे केला आणि मान खाली घालून म्हणाले, "टीचर, मुलीची जात आहे. पुढच्या वर्षी बघू."

तेच शब्द. क्षणभर मला अब्बाच समोर दिसले. भाषण द्यावंसं वाटलं, पण भाषणाने अब्बाही बदलले नसते. मी म्हटलं, "भाई, मुलांबरोबर मोठी माणसं कमी पडतायत. तुम्हीच चला ना आमच्यासोबत." ते गोंधळले. मग म्हणाले, "मी? तिथे माझं काय काम?" पण आले.

सकाळी सातला बस निघाली. वर्सोव्याच्या पुलावर नेहमीप्रमाणे अडकली आणि साडेदहाच्या सुमारास वरळीला पोहोचली. वाटेत एक घोटाळा मिटवावा लागला. मुलांना वाटत होतं, आपण तारे बघायला चाललोय. मोठ्या माणसांचाही हाच गोंधळ होतो. वरळीत दोन 'नेहरू' आहेत. एक ॲनी बेझंट रोडवरचं नेहरू सेंटर. तिथलं तारांगण १९७७ साली सुरू झालं. आय. एम. कादरी या वास्तुशिल्पकाराने ते उभं केलं. दुसरं डॉ. ई. मोझेस रोडवरचं नेहरू विज्ञान केंद्र. त्याची इमारत अच्युत कानविंदे यांची, जे मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे. दोन्ही संस्था वेगळ्या. आता मुंबईच्या भुयारी मेट्रोला विज्ञान केंद्राच्या नावाचं स्थानकच मिळालं आहे, त्यामुळे हा घोटाळा कमी होईल.

या केंद्राचा इतिहास मी आदल्या रात्री टिपून घेतला होता. मुंबईत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं संग्रहालय असावं, ही कल्पना १९६०च्या दशकाच्या शेवटी निघाली. आपल्याकडे संग्रहालय म्हटलं की डोळ्यांपुढे येते काचेची पेटी, आणि तिच्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. पण तेवढ्यात जगात वारं बदललं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केलं. तिथे नियमच उलटा होता. हात लावा, फिरवा, ओढा, चुका आणि पुन्हा करा. अणुबॉम्बमुळे नाव झालेल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. ते काही वर्षं शाळेत शिकवतही होते, हे वाचून मला विशेष आनंद झाला. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ पासून आणि बंगळूरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६५ पासून होतंच. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि या सगळ्यांना एक छत्र मिळालं. मुंबईत मात्र नुसतं संग्रहालय न होता 'केंद्र' झालं.

ते एका दिवसात उभं राहिलं नाही. १९७७ साली सुरुवात झाली एका प्रदर्शनाने. १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मोकळ्या जागेत विज्ञान उद्यान खुलं झालं. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पूर्ण केंद्राचं उद्घाटन झालं. आज आठ एकरांचा हा परिसर आहे आणि हाताळून बघायची पाचशेहून अधिक उपकरणं आहेत.

हे सगळं मी बसमध्ये सांगायला सुरुवात केली खरी, पण फाटकाच्या आत पाय ठेवल्यावर कोण ऐकतंय? मोठी झाडं, झाडांखाली वाफेचं रेल्वे इंजिन, आणि 'मरुत' हे भारतात बनलेलं लढाऊ विमान. चाळीस मुलं चाळीस दिशांना. एक मुलगा माझ्याकडे धावत आला आणि घाबरत विचारू लागला, "टीचर, हाथ लगा सकते हैं?" मी म्हटलं, "लगाओ. उसी के लिए है." त्याचा विश्वास बसेना. आमच्या मुलांना आयुष्यभर 'हाथ मत लगाना' एवढंच ऐकायची सवय.

उद्यानात कप्प्यांचा एक खेळ आहे. खुर्चीत बसायचं आणि दोर ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचं. एका खुर्चीला एक कप्पी, दुसरीला जास्त. मुलं ओढत होती, हसत होती. पण एका खुर्चीला जोर लागतो आणि दुसरी सहज वर जाते, हे असं का, ते मला समजावता येईना. पुस्तकातली व्याख्या सांगितली, तर चेहरे कोरेच. तेव्हा मागे उभे असलेले खलाशीभाई पुढे आले. "अरे, डोळ ओढताना काय करतो आपण?" डोळ म्हणजे आमच्याकडचं मोठं जाळं. "एका कप्पीने ओढलं तर जोर तेवढाच लागतो, फक्त ओढायची दिशा बदलते. दोन लावल्या की वजन दोरांवर वाटलं जातं. पण मग दोर जास्त ओढावा लागतो. फुकट काही मिळत नाही." त्यांनी दोर मुलांच्या हातात दिला आणि किती हात ओढला ते मोजायला लावलं. मुलांनी मोजलं. एका मिनिटात यांत्रिक फायदा चाळीस मुलांना कळला. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. 'तिथे माझं काय काम' म्हणणारा माणूस माझ्यापेक्षा चांगला मास्तर निघाला.

थोडं पुढे दोन मोठ्या वाडग्यांसारख्या तबकड्या समोरासमोर उभ्या आहेत. मधलं अंतर बरंच. एका तबकडीच्या केंद्राशी तोंड नेऊन कुजबुजलं की दुसरीपाशी कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्यांना काहीच नाही. आवाजही उजेडासारखाच वळवून एका जागी गोळा करता येतो, एवढी साधी गोष्ट. खलाशीभाई एका टोकाला उभे राहिले, मुलगी दुसऱ्या टोकाला. ती काहीतरी बोलली. भाई आधी दचकले, मग हसले. काय बोलली ते आम्हा कुणालाच कळलं नाही.

आतल्या दालनांत प्राचीन प्राण्यांचा विभाग आहे. अणुऊर्जेवरचं दालन आहे. तिथे मी मुलांना सांगितलं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्याच पालघर जिल्ह्यात तारापूरला आहे, १९६९ पासून. पण मुलं रमली ती आरशांपुढे. एकात माणूस लांब, एकात बुटका. एका मोठ्या वक्र आरशासमोर आमचा सातवीतला मुलगा मागे मागे सरकत गेला आणि त्याचा चेहरा एकाएकी उलटा झाला. तो ओरडला, "मुक़अर आईना! मुक़अर आईना!" शेजारी दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची मुलं उभी होती. त्यांतल्या एकाने विचारलं, "काय रे? काय म्हणाला?" आमच्या मुलाला उत्तर सुचेना. त्याने त्याचा हात धरून त्याला आपल्या जागी उभं केलं. तो चेहराही उलटा झाला. "अरे, अंतर्वक्र आरसा!" दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. मला माझ्या बी.एड.च्या वर्गातलं हसू आठवलं. त्या दिवशी मध्ये आरसा होता, पण तो फक्त माझ्याच हातात होता.

पाट्यांवर मराठी, हिंदी, इंग्रजी होतं. मुलं अडखळत मराठी वाचत होती आणि मला खात्री करून विचारत होती, "परावर्तन यानी इनइकास ना?" हो, तेच. नाव बदललं म्हणून किरण वेगळ्या दिशेने जात नाही.

१९७७ साली या केंद्राची सुरुवात ज्या प्रदर्शनाने झाली, त्याचा विषय होता 'प्रकाश आणि दृष्टी'. हे वाचल्यापासून माझ्या मनात एक नाव घोळत होतं. इब्न अल-हैसम. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेला आणि काहिऱ्यात काम केलेला हा विद्वान. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला शिवतात म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर अनेक जाणकार मानत होते. याने दाखवलं की उजेड वस्तूवरून येतो आणि डोळ्यात शिरतो. त्याची 'किताब अल-मनाज़िर' सात भागांची. पुढे तिचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातल्या अभ्यासकांनी ती शिकून वापरली. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष साजरं झालं, तेव्हा जगभर त्याच्या कामाची हजार वर्षं आठवली गेली.

आपल्या जलशांत, भाषणांत हे नाव हमखास येतं. 'हमारे बुज़ुर्गों ने ये किया, वो किया.' टाळ्या पडतात. पण ज्या मोहल्ल्यात या टाळ्या पडतात, तिथल्या शाळेत एक भिंग नसतं. इब्न अल-हैसम तर असा माणूस होता की थोर बतलमयूसवरच्या शंकांचं त्याने वेगळं पुस्तक लिहिलं. त्याला आपल्या टाळ्यांशी काय देणंघेणं? त्याने विचारलं असतं, तुम्ही स्वतः करून पाहिलंत का?

परतताना बसमध्ये मुलं झोपून गेली. भाई माझ्या मागच्या आसनावर होते. न राहवून मी विचारलं, "त्या तबकडीत काय म्हणाली ती?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते राहू दे टीचर. पण आता अकरावीपर्यंत थांब म्हणता येणार नाही. पुढेही शिकवावं लागेल."

अकरावी. हाच तो उंबरठा. उर्दू शाळेतलं मूल दहावीनंतर विज्ञानाला गेलं की एका उन्हाळ्यात त्याची भाषा बदलते. सगळं इंग्रजीत. हुशार मुलंसुद्धा तिथे गप्प होतात, आणि गप्प मुलाला 'कच्चा' म्हणायला कुणाला वेळ लागत नाही. त्यावर उपाय म्हणून उर्दू सोडा, असं मी म्हणणार नाही. माझी सगळी समज त्याच भाषेत उगवली. पण नुसती उर्दू कवटाळून बसण्यानेही भागणार नाही. आधी वस्तू हातात यावी, मग तिची तिन्ही नावं. त्या क्रमाने मूल घाबरत नाही.

सहलीनंतरच्या आठवड्यात आम्ही वर्गात एक खोका तयार केला. चपलांचा खोका, एका बाजूला टाचणीचं भोक, समोरच्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद. शाळा सुटल्यावर दहा-बारा मुलं तो घेऊन पाचूबंदराच्या किनाऱ्यावर आली. ऊन होतं म्हणून माझी काळी ओढणी डोक्यावरून घेऊन एकेकाने आत पाहिलं. कागदावर बोटी उलट्या. खाली आकाश, वर पाणी. "टीचर, डूब गई सब!" एक जण ओरडला. जाळं दुरुस्त करत बसलेले भाई उठून आले, ओढणीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

वर्गाच्या भिंतीवर आता एक तक्ता आहे. तीन रकाने. चर्ख़ी, कप्पी, पुली. इनइकास, परावर्तन, रिफ्लेक्शन. रोज एक ओळ वाढते, पण अट अशी की ती वस्तू आधी वर्गात आली पाहिजे. मुक़अर आईना अजून लिहिलेला नाही. तो घ्यायला पैसे जमा करतोय. तोवर एका मुलाने घरून स्टीलची नवी कोरी पळी आणली आहे. तिच्या खोलगट बाजूत सगळा वर्ग उलटा दिसतो.

वाचकांना एकच सांगणं. होळी-दिवाळी सोडली तर वरळीचं हे केंद्र वर्षभर उघडं असतं, ईदच्या सुटीतही. नागपूरकरांना १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे, पुण्याकडच्यांना पिंपरी-चिंचवडचं, गोव्यात मिरामारचं. मुलांना न्या. मुलींना आधी न्या. आणि कुणी 'पुढच्या वर्षी' म्हणालं, तर त्यालाही सोबत घेऊन जा.