न पाहिलेल्या रस्त्याची टिपणे

रॅली या क्रीडाप्रकारात गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते आणि चालकाचा झगडा घड्याळाशी व रस्त्याशी असतो. रस्ताही तोच तो फेरा मारणारा नसतो, त्यामुळे तो पाठ होत नाही, वाचावा लागतो. हे वाचन चालकाच्या शेजारी बसलेला सहचालक मोठ्याने करतो. ‘वाचन’ हा शब्द मी येथे लक्षणेने वापरीत नाही. त्याच्या मांडीवर खरोखरच वही असते.

व्हिडिओ गेमने या वाचनाचे काय केले, हा माझा प्रश्न आहे. समीक्षेच्या नियतकालिकात तो काहींना अस्थानी वाटेल. मलाही बरीच वर्षे वाटत होता.

१९९४ च्या ‘सेगा रॅली चॅम्पियनशिप’मध्ये इतर गाड्या रस्त्यावरच भेटत आणि त्यांना मागे टाकावे लागे. म्हणजे वेष रॅलीचा, आकृतिबंध सर्किटचा. मातीवर आणि डांबरावर चाक निराळे वागते, ही जाण मात्र त्यात होती. १९९८ चा ‘कॉलिन मॅकरे रॅली’ वेगळा. मॅकरे हा १९९५ चा जगज्जेता. खेळात आवाज होता तो त्याचा त्या काळचा प्रत्यक्ष सहचालक निकी ग्रिस्ट याचा. २००१ च्या सुमारास वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर मी तो खेळलो. आरंभी त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून मी पडद्यावर डोळे रोखून बसे आणि झाडावर आदळे. पुढे कळले की डोळा या वळणावर असताना कान पुढच्या वळणावर हवा. डावे-उजवे, वळणाची तीव्रता सांगणारा आकडा, माथा, ‘आतून कापू नका’ एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहातून अजून न दिसलेला रस्ता मनात उभा राहतो. वाचककेंद्री समीक्षेत ज्याला वाचकाची अपेक्षा म्हणतात, ती मला ग्रंथांच्या आधी तेथे भेटली.

परंतु प्रत्यक्ष रॅलीत एक गोष्ट आधी घडलेली असते. स्पर्धेपूर्वी चालक व सहचालक तोच रस्ता मंद गतीने पाहून येतात, बहुधा दोनदा. पहिल्या फेरीत चालक सांगतो, सहचालक सांकेतिक लिपीत उतरवितो. दुसऱ्या फेरीत दुरुस्ती. स्पर्धेच्या दिवशी चालक ऐकतो ते स्वतःचेच वाचन, दुसऱ्याच्या मुखातून. तीव्रतेचा आकडासुद्धा त्याच्या स्वभावाचा असतो; एकाचे ‘चार’ दुसऱ्याचे ‘पाच’ असू शकते. रस्ता एकच, संहिता मात्र प्रत्येक जोडीची निराळी.

खेळाने आवाज घेतला आणि ही पाहणी वगळली. खेळाडूला परक्याची तयार टिपणे मिळतात. २०१७ च्या ‘डर्ट ४’ने तर रस्ताच यंत्राकडून रचवून घेण्याची सोय केली. देश निवडावा, लांबी व अवघडपणा ठरवावा. क्षणात नवा मार्ग सिद्ध होतो आणि त्याची टिपणेही. जो रस्ता कोणीच पाहिलेला नाही, त्याचे वाचन अत्यंत आत्मविश्वासाने ऐकू येते.

हे ऐकताना मी अस्वस्थ झालो, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गेली पंधरा वर्षे मी वर्गात नोट्स सांगत आलो आहे. विद्यार्थी त्या उतरवून घेतात आणि परीक्षेत भरधाव सोडतात. कादंबरी अनेकांनी उघडलेलीही नसते, तरी तिच्यातले प्रत्येक वळण त्यांना ठाऊक असते. कुठे ‘अस्तित्ववादी जाणीव’ म्हणायचे, कुठे ‘प्रतिमांचे संघटन’. गुण उत्तम मिळतात. (माझ्या नोट्सपैकी काही माझ्या प्राध्यापकांच्या आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांनी त्या कुठून घेतल्या, हे मी कधी विचारले नाही.)

उलट उदाहरणही याच क्षेत्रात आहे. २००४ चा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ हा खेळ कठोर म्हणून प्रसिद्ध. तो बाजारातून मागे पडल्यावरही त्याच्या चाहत्यांनी तो जिवंत ठेवला आणि टिपणे स्वतः दुरुस्त करण्याची, नव्याने लिहिण्याची साधने त्याला जोडली. कोणी सांगितले नसता लोक सावकाश रस्ता पाहतात, थांबतात, आकडा बदलतात. निर्मात्याने वगळलेली पाहणी वाचकांनी परत आणली.

गेल्या सत्रात मी नोट्स सांगणे बंद केले. ‘सर, मग आम्ही लिहायचे काय?’ हा प्रश्न रास्तच होता. मी वर्गाला रॅलीच्या वहीविषयी सांगितले आणि एक कथा दोनदा वाचून, पहिल्यांदा पेन्सिलीने, समासात खुणा करून आणावयास सांगितली. बहुतेकांनी जुन्या नोट्स मिळविल्या. एका विद्यार्थिनीने मात्र वही पुढे केली. एका साध्या वर्णनपर परिच्छेदासमोर तिने लिहिले होते, ‘येथे वेग कमी; पुढे उतार दिसत नाही.’ तो परिच्छेद मी पंधरा वर्षे न थांबता ओलांडीत आलो होतो. मी तिच्याकडून वही मागून घेतली आणि कथा पुन्हा पहिल्या ओळीपासून काढली.