पेढीचा पूल आणि आंतरजालावरचा इतिहास

खेड्यातल्या इतिहासाच्या शिक्षकाजवळ एकेकाळी क्रमिक पुस्तक, भिंतीवरचा नकाशा आणि स्वतःची स्मरणशक्ती एवढीच साधने असत. आता हातातल्या मोबाइलवर ग्रंथालयेच्या ग्रंथालये उघडतात. या सुबत्तेचे आम्हांला कौतुक आहे. परंतु साधन हाती येणे निराळे आणि त्यातून धडा उभा राहणे निराळे. हा फरक आम्हांला जाणवला तो वलगावच्या निमित्ताने.

अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी वलगाव वसले आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना गाडगेबाबांनी येथे देह ठेवला. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. बाबांची समाधी अमरावतीस आहे. वलगावास त्यांची निर्वाणभूमी म्हणून ओळखतात. आता प्रश्न असा, की या गावातल्या मुलांना या माणसाचा इतिहास शिकवायचा तर आंतरजालावर कोठे जावे?

प्रथम हाती येते ते अमरावती जिल्ह्याचे १९११ सालचे इंग्रजी गॅझेटियर. 'इंटरनेट अर्काइव्ह'वर ते संपूर्ण वाचता येते. शोधताना एवढे ध्यानात ठेवावे, की इंग्रज अधिकारी वऱ्हाडाला 'बेरार' म्हणत आणि अमरावतीचे स्पेलिंगही आजच्याहून निराळे करीत. या ग्रंथात शेतसारा आहे, कापूस आहे, दुष्काळ आहे, जातींची वर्णने आहेत. राज्यकर्त्याला जे मोजावेसे वाटले ते त्यात आले. १९०५ साली घर सोडून खराटा आणि गाडगे घेऊन निघालेला शेणगावचा एक परीट राज्यकर्त्याच्या मोजमापात कसा यावा? हा प्रश्न मुलांना पडला, की गॅझेटियर म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे साधन प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले बाबांचे चरित्र. प्रबोधनकारांचे साहित्य त्यांच्या नावाच्या संकेतस्थळावर खुले आहे. हे चरित्र १९५२ सालचे, म्हणजे बाबांच्या हयातीतले. लेखक चरित्रनायकाला ओळखत होता, हे त्याचे मोठे बळ. पण त्या पुस्तकात वलगाव नसणार, कारण तो दिवस अजून उजाडायचा होता. समकालीन साधनाची थोरवी आणि मर्यादा एकाच ठिकाणी दाखविणारे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. मराठी विश्वकोशही आंतरजालावर आहे. त्यातली नोंद शेजारी ठेवून चरित्रकाराचा आवेश आणि कोशकाराचा संयम यांची तुलना करावी. भाषेच्या तासालाही ती उपयोगी पडेल.

तिसरे साधन बाबांचा आवाज. नोव्हेंबर १९५६ मधील त्यांच्या वांद्र्याच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण यूट्यूबवर ऐकता येते. ज्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही त्याचा शब्द असा उरला. बाबा प्रश्न टाकतात आणि समुदायाकडून उत्तर वदवून घेतात. छापील पानावर हे उत्तर देणारे लोक हरवतात. ध्वनिमुद्रणात ते आहेत. वऱ्हाडातल्या मुलांना तर त्या बोलीसाठी शब्दकोश लागणार नाही. आपल्या घरची भाषा इतिहासाचे साधन असू शकते, हे त्यांना बहुधा प्रथमच कळेल.

नागरिकशास्त्राचेही तसेच. संविधान सभेच्या चर्चा दिनांकवार वाचावयास मिळतात. या जिल्ह्यातले पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या सभेत होते. त्यांचे एखादे भाषण मराठीत आणून वर्गात वाचले, तर संविधान हे दिल्लीहून आयते आलेले पुस्तक आहे असा समज उरणार नाही. मात्र हे भाषांतर शिक्षकालाच करावे लागेल. पुष्कळशी मूळ साधने इंग्रजीत आहेत आणि वऱ्हाडी मुलांपर्यंत ती पोहोचविणारा पूल अद्याप शिक्षकच आहे.

ही सर्व साधने वापरून झाल्यावर एक जागा मोकळी राहते. त्या डिसेंबरच्या दिवशी वलगावने काय पाहिले? बातमी घरोघर कशी गेली, चुली पेटल्या की नाही, कोण अमरावतीस पायी निघाले? १९५६ साली दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. गॅझेटियर उद्याही पडद्यावर असेल. ही माणसे असतीलच असे नाही. म्हणून आम्ही शिक्षकमित्रांना आग्रहाने सुचवू, की मुलांना आधी आजीआजोबांकडे धाडावे. कोणी सांगितले, तेव्हा त्यांचे वय काय होते, स्वतः पाहिले की ऐकले, हे वहीत तारखेसह लिहून घ्यावे आणि परवानगी असल्यास आवाजही मुद्रित करावा. दोन आजोबांच्या सांगण्यात अंतर पडले तर ते खोडू नये, दोन्ही ठेवावे.

आंतरजालावरच्या साधनांनी मुलांना प्रश्न विचारायला शिकविले, तर त्यांचे काम झाले. वलगावची उत्तरे त्यांच्यात नाहीत. ती मुलांनीच जमवावयाची आहेत. तशा चाळीस वह्या एखाद्या शाळेच्या कपाटात जमल्या, तर पुढच्या अभ्यासकाला त्या गॅझेटियरच्या शेजारी ठेवाव्या लागतील.