ताट पुढं गेलं

दोस्तहो, मी मेहरूणचा. बोरांचं मेहरूण, तलावाचं मेहरूण. एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये तुरीचे कट्टे वाहतो. रात्री जमलं तर कविता लिहितो. शिक्षण नववी. धर्मावर बोलायला मी कुणी पंडित नाही. पण गेल्या पावसाळ्यात जे घडलं ते तुमच्यापुढं मांडल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आजीचा थोरला भाऊ वारला. तो ख्रिस्ती होता. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकला, तिथंच बाप्तिस्मा घेतला. पुढं १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला आणि आजीचं बाकी घर बुद्धाकडं आलं. हा एकटा तिकडंच राहिला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं की कुणीतरी म्हणणारच, "पाटी-पेन्सिलीसाठी धर्म बदलला त्यानं." मीही म्हणायचो. आजी तेवढी गप्प बसायची.

मयतीला गेलो. शवपेटी, गाणं, प्रार्थना, मग मूठ मूठ माती. निघताना त्याच्या मुलानं, म्हणजे माझ्या मामानं, हात धरला. म्हणाला, "येत्या ऐतवारी ये रे भाऊ चर्चमध्ये. माले बरं वाटीन."

खाडा करून गेलो. पगार कापला, तो कापला.

चपला बाहेर काढल्या. आत मूर्ती नाही, अगरबत्ती नाही, नारळ नाही. भिंतीवर एक साधा क्रूस. मी मामाला म्हणालो, तुमचं चर्च बारकंच आहे. तो म्हणाला, "ही तर इमारत. चर्च म्हणजे ही बसलेली माणसं. म्हणून तर आम्ही मंडळी म्हणतो." हे मला आवडलं. खरं सांगतो.

उपासनेचा क्रम ठरलेला. गीत, पापांची कबुली, येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, जुन्या आणि नव्या करारातले पाठ, पाळकांचा उपदेश, दान, शेवटी आशीर्वाद. मला वाटलं होतं, साहेबी काहीतरी असेल. तर हार्मोनियम, ढोलकी आणि अभंगाची चाल! मामानं सांगितलं, यातली कितीतरी गीतं ना. वा. टिळकांची. टिळक कोकणातले ब्राह्मण, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. म्हणजे शब्द टिळकांचे आणि गळा आमच्या आजीच्या भावाचा. बरं वाटावं का वाईट, कळेना.

त्यांचं मानणं थोडक्यात असं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. माणूस पापी. त्याच्या पापाची किंमत येशूनं क्रुसावर भरली, तिसऱ्या दिवशी तो उठला. यावर विश्वास ठेवला की तारण. ते कमावता येत नाही, देवाच्या कृपेनं मिळतं. आपलं वेगळं. आपला बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. चालायचं आपणच.

पण पापाची कबुली सुरू झाली आणि मी आतून तापलो. सगळे माना खाली घालून एका सुरात आम्ही पापी, आम्ही पापी. अरे, कसलं पाप? माझ्या पणजीनं मेलेलं ढोर ओढलं, हे पाप? गावानं तिला विहिरीवर चढू दिलं नाही, ते कुणाचं पाप?

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मामाला हेच विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, "भाऊ, बामण सांगायचा तुझ्या मागच्या जन्माचं पाप म्हणून तू महार. आमच्यात तसं नाही. इथं पाटीलही पापी, कलेक्टरही पापी. माझा बाप पहिल्यांदा पाटलाच्या बरोबरीचा झाला तो याच ओळीत."

मी गप्प झालो. हे मला कधी सुचलंच नव्हतं. तरी एक गाठ सुटली नाही. ज्यानं दगड मारला तो आणि ज्याचं डोकं फुटलं तो, दोघांनी एकच कबुली म्हणायची? मग दगडाचा हिशेब कुठं व्हायचा?

बाबासाहेबांनी याच जागेवर बोट ठेवलंय, हे मागाहून कळलं. भारतातल्या ख्रिस्त्यांवरचे त्यांचे इंग्रजी लेख हयातीत छापले गेले नव्हते. महाराष्ट्र शासनानं १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते काढले. एका दोस्तानं मला ते वाचून समजावले. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचं मोल बाबासाहेब नाकारत नाहीत. पण विचारतात, ख्रिस्ती झाल्यावरही जात का गेली नाही? आपल्यातल्या अस्पृश्यांवरच्या अन्यायाविरुद्ध चर्च का लढत नाही? आणि दोष समाजरचनेचा असताना तो माणसाच्या पापावर का टाकता?

हे प्रश्न जुने झाले म्हणावं, तर २०१६ साली कॅथलिक धर्मगुरूंच्या अखिल भारतीय परिषदेनंच धोरण काढून कबूल केलं की आमच्या चर्चमध्ये दलितांना भेदभाव सोसावा लागतो. कबुली दिली, हे चांगलं. म्हणजे जात पाण्यानं धुतली जात नाही, बाप्तिस्म्याच्याही.

आता त्या दिवसाची मुख्य गोष्ट. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं शिष्यांसोबत भाकर मोडली, प्याला दिला, त्याची ही आठवण. भाकरीचे तुकडे मांडलेलं ताट रांगेतून आलं. मामानं घेतलं. मामीनं घेतलं. ताट माझ्यापुढं आलं आणि धरणारा माणूस अदबीनं मान हलवून पुढं गेला. ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांनीच घ्यायचं, हा नियम.

दोस्तहो, माझे कान तापले. वरून ओंजळीत पाणी ओतायचे, त्या सगळ्या आठवणी माझ्या नाहीत, आजीच्या आहेत. पण अंगात आल्या. वाटलं, उठावं आणि चालतं व्हावं.

बसून राहिलो आणि विचार केला. ताट थांबलं असतं तर मी घेतलं असतं का? नाही. मी बावीस प्रतिज्ञांचा माणूस. मग अपमान कसला? चवदार तळ्यावर १९२७ साली जो नकार होता तो जन्माचा होता, तो बदलायची सोय नव्हती. हा नकार विश्वासाचा. उद्या मी मानलं तर ताट थांबेल, आणि न मानायचा हक्क माझा. दोन्ही नकारांना एकाच तराजूत घालणं मला पटेना.

पण एक तिसरा नकारही आहे, तो सरकारचा. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती दलित बाहेरच. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली ही धर्माची अट काढा म्हटलं. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. मामाच्या पोरीला महारवाड्यातल्या घरात राहून दाखला मिळत नाही. जात चिकटलेली, सवलत सुटलेली. आणि आम्ही म्हणत होतो, त्यांनी फायद्यासाठी धर्म बदलला! हेच सवर्ण आपल्याला म्हणतात तेव्हा आपण कसे पेटून उठतो?

जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी पाटी घेतली, विचार स्वतःचा केला. आजीच्या भावानं पाटीही घेतली आणि येशूही घेतला. त्याचा निर्णय त्याचा. मला तो पटत नाही, पण त्याला विकाऊ म्हणायची माझी जीभ आता वळत नाही.

घरी आलो. आजीनं विचारलं, "काय रे, खायला दिलं का तुले तिथं?" मी म्हणालो, ताट आलं होतं, पुढं गेलं. ती म्हणाली, "तो यायचा तेव्हा आपणही त्याला कधी जेव म्हणालो नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपल्या विहारात मातंगाची किती पोरं येऊन बसतात, हेही तेव्हाच मनात आलं.

पुढच्या रविवारी मामाला मेहरूणला जेवायला बोलावलंय. आजीनं भरीत-भाकरीचा बेत धरलाय.