शिरगणती

सहलीला निघताना लोक देवाला नमस्कार करतात, नारळ फोडतात, निदान गाडीच्या चाकातली हवा तरी पाहतात. आमच्या घरी शिरगणती होते. अप्पा, म्हणजे आमचे वडील, दाराशी उभे राहतात, तर्जनी एकेका डोक्यावर रोखतात आणि म्हणतात, "एक, दोन, तीन, चार, पाच. बराबर. चाला."

पाच म्हणजे आई, मी, आमची ही, चिरंजीव आणि कन्या. सहावे अप्पा, पण ते स्वतःला मोजत नाहीत. अप्पांचा जन्म अकोटच्या जिनिंग-प्रेसिंगात रुईच्या गाठी मोजण्यात गेला आणि गाठी मोजणारा काही स्वतःला गाठींत धरत नाही. मी बी.कॉम. होऊन बँकेत नोटा मोजतो. एकूण आमचं घराणं दोन पिढ्या दुसऱ्याचंच मोजत आलं आहे.

या शिरगणतीला कारण मी. सात वर्षांचा असताना आम्ही खंडव्याला मावशीकडे निघालो होतो. तेव्हा अकोटहून मीटरगेजची गाडी होती. हिवरखेड मागं पडलं की सातपुडा सुरू व्हायचा. धूळघाटाजवळ तर रूळ असा वळसा घ्यायचे की गाडी आपलाच मार्ग ओलांडून जायची; काहीतरी घरी विसरलं म्हणून परत निघाली की काय असं वाटायचं. त्याच्या अलीकडे वान रोड स्टेशनवर मी पाणी प्यायला उतरलो आणि गाडी हलली. अप्पांनी मनगट धरून मला वर ओढलं, एक ठेवून दिली, आणि त्या दिवसापासून मोजायला लागले. ती गाडी आता राहिली नाही. अकोला-अकोट रूळ रुंद होऊन २०२२ साली त्यावर नवी गाडी आली, पण मेळघाटातली मीटरगेज बंद झाली ती झालीच. शिरगणती मात्र वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे.

वर्षाला ऋतू सहा असतात असं पंचांग म्हणतं. बँकेच्या रजेतून आम्हाला दिसले ते तीन.

पहिला उन्हाळा. मे महिन्यात अकोटात पंख्याखाली बसलं की पंखा गरम हवा वाढत राहतो, पंगतीत नको म्हणताना जिलबी वाढावी तशी. अशा वेळी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला जायचं. अकराशे मीटरच्या आसपास उंची, कॉफीची झाडं, आणि भीमानं कीचकाला मारलं ती दरी. बँकेत काम करणाऱ्या माणसाला ती दरी पाहून कुणाकुणाची आठवण येते, ते इथं लिहीत नाही. बढती राहिली आहे अजून.

तिथल्या पंचबोल पॉइंटवर ओरडलं की हाक पाच वेळा परत येते अशी ख्याती आहे. हिनं "अहोऽऽ" म्हणून हाक मारली. घरी मला एक हाकसुद्धा ऐकू येत नाही अशी तिची तक्रार; तिथं सगळा सातपुडा "अहो, अहो" करायला लागला आणि मला पाचही वेळा "ओ" द्यावी लागली. मग चिरंजीवांनी स्वतःचंच नाव पुकारलं. पाच-पाच चिरंजीव! माझ्या पोटात गोळा आला. रोकड कमी भरली तर खिशातून भरावी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जादा निघाली तरी जाब द्यावा लागतो, हे दुःख फक्त रोखपालाला कळतं.

अप्पा पॉइंटपर्यंत आले नाहीत. गाडीजवळच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "तुमी जा. मी सामान पाहतो. माकडं लय हायेत इथं."

दुसरा ऋतू हिवाळा. तो आमच्याकडे रोडग्यांचा. सतरंजी, गोवऱ्या, कणीक, वांगी आणि पाणी घेऊन पूर्णेवर जायचं. नदीवर जाताना पाणी घरून न्यायचं, हे परगावच्या पाहुण्यांना विनोदी वाटतं. पण पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी चालतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडींनी अकोल्याच्या राजराजेश्वराला जातं. देवाला चालतं; आमच्या कन्येला चालत नाही. तिला बाटलीतलं लागतं.

मुलं पाण्यात खेळली, मी आणि ही घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून साहस केलं. अप्पा काठावर. "मी चपला पाहतो," म्हणाले.

तिथंच कन्येनं विचारलं, "बाबा, याला वाळवंट का म्हणायचं? वाळवंटात तर उंट असतात." मराठी भाषेनं नदीकाठची वाळू आणि राजस्थानातली वाळू एकाच खात्यात जमा केली आहे, हे तिला पटेना. शेवटी पुढच्या डिसेंबरात प्रवासभत्त्याची सवलत काढून आम्ही जैसलमेर गाठलं. वाळवंट म्हणजे उकाडा, या समजुतीनं हिनं सगळ्यांचे सुती कपडे भरले होते. आम्ही पडलो वऱ्हाडातली माणसं. उन्हाचं आम्हाला काय कौतुक! पण सूर्य बुडाला आणि ती वाळू अशी गार पडली की अकोटची सतरंजी आम्ही सहा जणांनी आळीपाळीनं पांघरली.

उंटाविषयी एकच सांगतो. तो हप्त्याहप्त्यानं उठतो. आधी मागचे पाय, मग पुढचे. आणि दोन हप्त्यांच्या मधल्या काळात आपली सगळी मुद्दल त्याच्या मानेकडे घसरते. आई बसली, ही बसली, मुलं बसली. अप्पा नाही. "मी सामान पाहतो," म्हणाले, "अन् सूर्य काय, इथूनबी बुडते." सामान म्हणजे चिवड्याची एक पिशवी. चहूकडे वाळू. चोर आलाच असता तर अर्धा मैल आधी दिसला असता. मी उंटावरून खूप हसलो. आज आठवलं की तोंड कडू होतं.

तिसरा ऋतू पावसाळा, आणि पावसाळ्यात नरनाळा. अकोटहून उत्तरेला शहानूर गाव, तिथून जंगलातून वर गड. श्रावणात डोंगर असा हिरवा होतो की उन्हाळ्यात पाहिलेला तो हाच, यावर विश्वास बसू नये. नाक्यावरच्या वहीत गाडीचा नंबर आणि माणसं लिहितात. मी लिहिलं, सहा. अप्पांनी बाहेर मोजले, पाच. दोन्ही वह्या बरोबर.

गडाचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा. कमानीवर कोरीव लेख, दोन्ही बाजूंना ओवऱ्या. तिथं सतरंजी टाकून डबा खाल्ला. मग नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव पाहायचे होते. अप्पा म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी येतोच मांगून."

तलावापाशी पोचलो आणि पाऊस आला. वऱ्हाडी पाऊस आधी येतो, ढग मागून येतात. त्यात धुकं. पाच हातांवरचं दिसेना. मुलांना धरून धावत गाडीपर्यंत आलो आणि दाराशी उभं राहून मी एकेकाला आत ढकलत मोजलं. आई, ही, चिरंजीव, कन्या, मी. पाच. बरोबर! किल्ली फिरवली. गाडी हललीसुद्धा.

कन्या म्हणाली, "बाबा, अप्पा कुठं बसले?"

बावीस वर्षं मी रोकड मोजतो आहे. आकडा जुळला आणि माणूस नाही, असं कधी झालं नव्हतं. खाली उतरलो आणि धुक्यात पळत सुटलो. जंगल वाघांचं, अंधार पडायच्या आत नाका गाठायचा. "अप्पाऽऽ" म्हणून ओरडलो. पंचबोलला चार आण्याच्या हाकेला पाच प्रत्युत्तरं मिळाली होती. इथं एकही मिळेना.

अप्पा होते तिथंच होते. महाकाली दरवाजाच्या ओवरीत, सतरंजीची घडी मांडीवर घेऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"अप्पा, हाक तरी मारायची!"

"कायले? तुमी पाच तं बराबर होते ना?"

"अन् तुम्ही?"

"मले थोडं उठता येऊन नाही रायलं," ते म्हणाले. "तसं काई नाही. दोन वर्सं झाले."

दोन वर्षं. दरवाजातून पाण्याच्या धारा पडत होत्या आणि मी मागचं खातं उलगडत होतो. चिखलदऱ्याचं बाकडं. पूर्णेवरच्या चपला. जैसलमेरची चिवड्याची पिशवी. सगळ्या नोंदी तारीखवार समोर होत्या. पण आपण खातं उघडतो ते शिल्लक पाहायला. नोंदी कोण वाचतं? बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोघांकडे असतात. एकानं मोजलेलं दुसऱ्यानं तपासायचं, हा नियम मी रोज पाळतो आणि संध्याकाळी बँकेतच ठेवून घरी येतो.

अप्पांना मी पाठीवर घेतलं. वान रोडला त्यांनी मला एका हातानं उचललं होतं. मला दोन हात लागले आणि तीनदा थांबावं लागलं. वाटेत ते एकदाच बोलले. "सतरंजी घेतली ना?"

गुडघ्यांवर औषधपाणी झालं. गुडघे नवे झाले नाहीत, पण समेटाला तयार झाले. मार्गशीर्षात पुन्हा रोडगे घेऊन पूर्णेवर निघालो. अप्पा दाराशी उभे राहिले. "एक, दोन, तीन, चार, पाच. बराबर." मागून कन्येनं आपली तर्जनी अप्पांच्या टोपीवर रोखली. "सहा."

"मले कायले मोजतं व माय," अप्पा म्हणाले, "मी तं सामान पाहाले येतो." पण टोपी सारखी केली.

नदीवर कन्येनं त्यांचा हात धरला आणि हळूहळू घोट्याएवढ्या पाण्यात नेऊन उभं केलं. बाकीचेही उतरले. मी काठावर सतरंजीवर बसलो आणि सामान पाहायला लागलो. कंटाळवाणं काम आहे. समोर चपलांचे पाच जोड होते. सहावा माझ्या पायात.

दोनदा मोजले.